अष्टमीचा भांग

आश्विन. दिवाळ्याच्या खाडीत पाणी
ना चढतंय, ना उतरतंय.
पोशाकाका म्हणतो, भांगाला पाणी निवळतं,
जिताडा नजरेनं खातो.
उधाणात नुसता गाळ.

कोळंबी जिवंत हवी.
टाक तिवरांच्या सावलीत,
आणि तोंड बंद.

तीन तास.
पलीकडे उलव्याच्या टॉवरांत दिवे लागले.
कंटाळून दोर गुंडाळत होडीपाशी आणला
तेव्हा दिसला:
हातभर, पितळी डोळ्याचा,
कोळंबीमागून आलेला, तिच्याच चालीनं.
थांबला.
मला बघितलं.
वळला.

"होता ना तो?"

काकानं विडी होडीच्या काठावर विझवली,
थोटूक कानामागे ठेवलं.
"होता म्हंजे? हाय."

आणि वल्हं पाण्यात सोडलं,
पाण्याला न कळता.