आतली साल

सासारीच्या दवाखान्यात नर्सनं मला विचारलं,
"वडील का तुमचे?"
बाइंजू हसला. आवाज चिरका, पिपाणीसारखा.
म्हणाला, "हो ना. आणि ही माझी थोरली बहीण."
नर्सला जोड लागेना.

मी त्रेचाळीस. तो एकोणचाळीस.
केस तेविसाव्या वर्षीच पिकले,
तिशीत मोतीबिंदू,
घोट्यापाशी एक जखम, चार उन्हाळे गेले, भरत नाही.
आई अजून स्वतः लाकडं फोडते.
मिस्साला जाताना पायऱ्यांवर
तीच त्याला हात देते.

डॉक्टर स्कानू कागदावर दोन पीळ काढतात.
सगळ्यांचंच उसवत असतं, म्हणतात,
उन्हानं, श्वासानं, नुसत्या जगण्यानं,
एकेका पेशीत दिवसाला हजारो ठिकाणी.
आत रफूगार बसलेत, रात्रंदिवस.
याच्यातला एक जन्मापासून कामावर आलाच नाही:
गुंता सोडवून देणारा.
बाकीचे टाके घालतात, पण गुंत्यावरच.

मग पेशीपुढे वाटा दोन.
थांबली, तर म्हातारपण.
थांबायचं विसरली, तर गाठ.
यापुढे ते काही बोलले नाहीत.
पेनाला टोपण लावलं, काढलं, लावलं.

परतताना कालांजानुसच्या उतारावर
त्यानं गाडी थांबवायला लावली.
बाबांचे बुचाचे ओक.
एका खोडावर पांढऱ्या रंगात सहाचा आकडा:
सोळा साली सोललेलं,
म्हणजे यंदा दहा वर्षं झाली.
"तेव्हा कुऱ्हाड माझ्याच हातात होती," तो म्हणाला.
बाहेरची साल घ्यायची, आतलीला धक्का लावायचा नाही.
आतल्या सालीला आमच्याकडे आई म्हणतात.
तिलाच घाव बसला
तर त्या जागी बूच पुन्हा धरत नाही.

त्यानं खोडावर तळहात टेकला.
दोघंही खरबरीत,
पण एकाची साल नवी होती.

चूक अर्धी आईकडून आली, अर्धी बाबांकडून,
दोघांनाही तिचा पत्ता नव्हता.
माझ्यातही एक अर्धी असेल.
मी तपासून घेतलेलं नाही.

घरी आई दारातच उभी.
त्याला बसवलं, पट्टी सोडली,
जखम धुतली, नवी पट्टी बांधली, गाठ मारली,
आणि मग विचारलं, काय म्हणाले?

बाइंजू म्हणाला,
"झाड सोलायला आलंय."