पुन्हा मार

अक्कलकोट रोडच्या आमच्या गल्लीत
शनिवारी वीज नसते.
माग गप्प झाले की कान दुखतात,
म्हणून सगळे बाहेर येऊन बसतात.
त्या दुपारी पवनकुमार इराबत्तीने
कॉलेजातून आणलेलं त्याचं ते
टेम्पोतून उतरवलं.

चार पाय. डोकं नाही.
डोक्याच्या जागी पत्रा, त्यावर
टॉवेलच्या गठ्ठ्यावरचं लेबल चिकटवलेलं.
बटण दाबलं तसं गुडघ्यांवर उठलं,
अंग झटकलं,
आणि पिंपांच्या रांगेतून
कुणालाही धक्का न लावता चालत गेलं.
पाचव्या दिवसाचं पाणी येऊन गेलेलं, वाट ओली.
ओल्या फरशीवर त्याने पाय जरा जपून टाकला,
आमच्यासारखाच.

काळं कुत्रं एकदा भुंकलं,
जवळ जाऊन हुंगलं,
आत कुणी नाही हे बघून
टेम्पोखाली परत झोपलं.
आम्हाला इतक्या लवकर नाही कळलं.
कुणी पोराला मागे ओढलं, कुणी पदर सावरला,
इकबाल बागवानने तर
'आइये, आइये' म्हणून वाट दिली
आणि मग स्वतःच ओशाळला.

'आता बघा,' पवन म्हणाला
आणि त्याच्या बरगडीत जोरात लाथ घातली.

ते कलंडलं. चारही पाय
नुकत्या जन्मलेल्या वासरासारखे फाकले,
जमीन शोधत खरवडले,
शेवटच्या क्षणी ती सापडली.
टाळ्या वाजायच्या आधी
राजमणी येमुलच्या मांडीवरचं सूप पडलं,
पानं, तंबाखू, सगळं मातीत.
'अय्यो, एंदुकु तंतुन्नाव रा दान्नी?'
पवन हसत सांगू लागला, मोटर, सेन्सर, तोल.
ती ऐकेना. हातात विड्यांची कात्री.
'त्याला दुखत नाही, अक्का.'
'मग मला का दुखलं?'

मागाला माझ्या बापाने तीस वर्षं लाथा घातल्या.
धोटा अडकला की लाथ,
पट्टा सुटला की लाथ,
मालकाचा राग आला की उगीच एक.
मागालाही पाय असतात,
पण बोल्टने जमिनीत गाडलेले.
त्याच्यासाठी कुणी अय्यो म्हटलेलं
मला आठवत नाही.

बाप उंबऱ्यात बसला होता.
गेल्या चैत्रात त्याची डावी बाजू गेली.
आता दारापासून पिंपापर्यंत जातो,
पिंप धरतो, दम खातो, परत येतो.
मागून पोरं तशीच चालतात, पाय ओढत.
तो वळून बघत नाही,
वळला तर पडेल.

तो म्हणाला, 'पुन्हा मार.'
तोंड वाकडं, शब्द ओला,
तरी गल्लीभर कळला.
राजमणीने सांडलेली पानं वेचायची थांबवली.
'मार की बे. डावा पाय
आधी कुठं टाकतंय, बघू दे.'

पवनचा पाय उचलेना.
मघाशी तर सहज उचलला होता.
मारली एकदाची, लाजत, चोरट्यासारखी.
बाप वाकून खाली बघत राहिला,
ताण्यात तुटलेला धागा शोधताना
बघायचा तसा.

रात्री अकराला वीज आली.
सगळे माग एकदम सुटले,
मांडणीवरची भांडी थरथरू लागली.
त्या आवाजात बाप भिंत सोडून
घराच्या मधोमध उभा राहिला.
'ढकल,' म्हणाला.
मी ऐकू न आल्यासारखं केलं.
'ढकल की. पाय लांब टाकायचा असतो.
आपण जवळ टाकतो, म्हणून पडतो.'

मी दोन बोटं त्याच्या खांद्याला लावली.
दुसरा हात मात्र पाठीमागे,
त्याला दिसणार नाही असा,
उघडा धरून ठेवला.