राखाडी बटण

डिचोलीच्या बसस्टँडमागे माझं दुकान.
झेरॉक्स, लॅमिनेशन, फॉर्म भरून मिळतील.
दोन संगणक, त्यातल्या एकाचा पंखा
खाणीवरच्या ट्रकसारखा घरघरतो.

सरोजिनीबाई माजिक बुधवारी आल्या,
बाजाराची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या,
मुळ्याचा पाला बाहेर डोकावत होता.
फोन माझ्यापुढे सरकवला, पालथा.
म्हणाल्या, "ह्याला मी एकदाच विचारलं,
रात्री, सगळी निजल्यावर,
काखेत गाठ आली तर काय असतं म्हणून.
सकाळपासून हा मला
केसांचे टोप दाखवतोय.
जावयानं पाहिलं. बोलला काही नाही.
चहा मात्र अर्धा ठेवून उठला."

मी फोन सुलटा केला, एक पान उघडलं.
तळातून पाटी वर आली:
'आम्हाला आपल्या खासगीपणाची कदर आहे.'
आणि खाली हिरवंगार, केळीच्या पानाएवढं
'सर्व स्वीकारा'.
"हेच दाबते मी," त्या म्हणाल्या,
"दुसरं काही दिसतच नाही.
आणि इतक्या अदबीनं विचारतात,
नाही कसं म्हणायचं गे?"

नाही म्हणायची जागा होती.
राखाडीवर राखाडी,
तांदळातल्या खड्याएवढी.
त्यांचं बोट धरून तिथवर नेलं.
आत आणखी एक दार, त्यात बटणांची रांग,
सगळी आधीच चालू,
कुणी परक्यानं घरात शिरून
खोल्याखोल्यांतून दिवे लावून जावं तशी.
"एकेक मालवा," म्हटलं.
त्यांनी मालवले. सावकाश. ओठ हलत होते,
बहुतेक मोजत होत्या.

मग पोदेराची गोष्ट त्यांनीच काढली.
कायतानला सगळं ठाऊक,
कुणाकडे आज चार पाव जास्त,
कुणाचा मुलगा बोटीवरून आला,
कुणाच्या दारात आठ दिवस एकच उंडो.
"पण भोंपू वाजवत तो पुढच्या दारी गेला
की आमचं दार मागेच राहतं.
पिशवीत घालून नेत नाही."

उठताना मी विचारलं, दाखवणार ना कुणाला?
"उद्या म्हापशाला," म्हणाल्या,
आणि नको नको म्हणताना
पाच रुपये कीबोर्डवर ठेवून गेल्या.

संध्याकाळी चणेकाराकडून दहाचे चणे घेतले.
पुडी सोडली.
आतून एक चेहरा बघत होता.
गोकुळदास गावस, जन्म एकोणीसशे अठ्ठावन्न,
मुक्काम मये, बारा अंक
मिठानं खरखरीत झालेले.
कडेला उभा काळा पट्टा.
तो पट्टा माझ्या यंत्राचा.
दोन महिने ड्रम बदलायचा राहिलाय.
बिघडलेल्या प्रती मी रद्दीत घालते, किलोवर.
गावसांना मी विचारलं नव्हतं.
त्यांच्यापुढे राखाडी बटणसुद्धा नव्हतं.

चणे उभ्यानंच खाल्ले, गार झाले तरी.
शटर पुन्हा वर केलं,
टेबलाखालचं खोकं ओढलं
आणि फाडत बसले.
आधी अंक, मग नाव, मग डोळे.
डोळे फाडताना हात जरा अडखळायचा.

साखळीची शेवटची बस गेली तेव्हा
अर्धं खोकं उरलं होतं.