घोरणं आणि घरघर

सिसेलनं पहिल्या रात्री एवढंच शिकवलं:
घोरणं वेगळं, घरघर वेगळी.
आधी कान दे, म्हणाली, डोळे नंतर.

कोपनहेगनच्या स्टेशनामागे
आमची गाडी उभी असते, जुनी अँब्युलन्स.
आत दोन खुर्च्या, दोन आरसे,
वेष्टनातल्या सुया, कापूस, पाण्याच्या इवल्या कुप्या,
ऑक्सिजनचं नळकांडं, आणि मी.
माझं काम: बघत बसणं.

तेहतीस वर्षं तेच केलं.
रात्रीची बस. मार्ग बदलत गेले, आरसा तोच.
आरशात कोण कसा झोपतो, मला पाठ होतं:
बेकरीतली पोरं पिशवी छातीशी धरून,
नर्सबाया बूट काढून,
प्यायलेले काचेला गाल लावून.
शेवटच्या थांब्यावर मी हाक द्यायचो,
उठा, आलं.

फेब्रुवारीतल्या एका रात्री दिली नाही.
मागच्या बाकावर एक मुलगी, पिवळी लोकरी टोपी.
बाहेर उणे नऊ.
म्हटलं, झोपू दे बिचारीला, वीस मिनिटं आहेत.
हीटर चालू ठेवला, दिवे मालवले, डबा उघडला.
राईचा पाव, वर हेरिंग.
मागून घोरण्याचा आवाज येत होता,
खोल, ओला, लांबलांब.
मला सोबत वाटली त्याची.
मग आवाज थांबला.
मला वाटलं, कूस बदलली असेल.

चालकाची चूक नाही, असं कागदावर आहे.
कागद कपाटात आहे.
डेपोत कुणीतरी म्हणालं, सुटली.

आज पिपालुक आली.
वहीत नाव लिहावं लागतं, खरं असायला हवं असं नाही.
काल ती ‘ध्रुवीय अस्वल’ होती,
आज लिहिलं, ‘हवामान खातं’.
सुई तिची, हातही तिचाच,
तो नियम आहे. मी फक्त दिवा धरतो
आणि शीर शोधताना तिला
सीसीमिउतच्या बर्फाबद्दल बोलू देतो.

तिसऱ्या मजल्यावरचे फ्लेमिंग खिडकीतून विचारतात,
अशानं सुटणार आहे का त्यांचं?
रोज विचारतात. वाईट माणूस नाही.
त्यांच्या जिन्यात दोन सापडले होते,
एकाला त्यांनीच पाहिलं, कचरा टाकायला जाताना.
मी काय सांगू?
सुटणं हा शब्द मी एकदा ऐकलाय
आणि त्यानंतर कुणाला सहज वापरू दिलेला नाही.

दोन वाजून चाळीस.
तिची मान कलली, घोरायला लागली.
मी कान दिला.
एक. मग लांब काही नाही.
दोन. त्यात पाणी.
ओठांवर दौतीतल्या शाईचा रंग.
हाक मारायला तोंड उघडलं
आणि जिभेवर वहीतलंच नाव आलं.
हवामान खातं! मी ओरडलो, हवामान खातं, ऊठ!
रस्त्यावर कुणीतरी हसलं.
सिसेलनं तोपर्यंत हनुवटी वर केली, मुखवटा लावला,
फुगा दाबत मोजायला लागली
आणि मला म्हणाली, नाकात मार, आत्ता.
नॅलोक्सोनची पिचकारी बोटाएवढी असते.
माझं बोट थरथरलं, पण दाबलं गेलं.

किती वेळ, विचारू नका.
त्या वेळात मी पुन्हा डबा उघडला,
पुन्हा दिवे मालवले,
पुन्हा म्हटलं, झोपू दे.

मग ती श्वास घेताना भांडली.
डोळे उघडून आधी मला शिवी दिली.
पैसे गेले ना माझे, म्हाताऱ्या.
गेले, म्हटलं.
थंडीनं दात वाजत होते तिचे, राग होता, जिवंत होती.
तासभर जायचं नाही, सिसेलनं बजावलं,
औषध उतरतं आणि ते परत चढतं.

तासभर बसलो.
एकदा तिनं विचारलं, कुठवर आलो?
गाडी उभीच आहे, म्हटलं.
मी अर्धा पाव पुढे केला.
तिनं हेरिंग उचलून बघितली, वास घेतला,
याला तुम्ही मासा म्हणता, म्हणाली,
आणि ती खिडकीबाहेर टाकून
नुसता पाव खाल्ला.