मालेश

अप्पा मिशनवरून परतले तेव्हा ट्रंकेत
दोन निळ्या टोप्या, एक मच्छरदाणी
आणि दूध पावडरचा डबा, बिजागऱ्यांनी भरलेला.
आई म्हणाली, लोक सोनं आणतात.

आता गर्लगुंजीच्या फाट्यावर त्यांचं सुतारकाम.
मत्तीचं लाकूड, रंध्याची सर्रसर्र,
पाटीवर वर कानडी, खाली मराठी,
आणि दोन्हीत एकेक चूक.
गिऱ्हाईक विचारतंच कधीतरी:
तिकडं लढाई बघितलास काय रे परसू?
अप्पा पेन्सिल कानावर ठेवतात.
"लढाई संपल्यावर गेलतो आम्ही.
लोक दारं हुडकूलालते."

नदीकाठचं गाव. तीनदा पळालेलं, तीनदा परतलेलं.
मधल्या काळात ज्याला जे गावलं ते त्यानं नेलेलं,
पत्रे, खाटा, शाळेची घंटा,
चौकटीसकट दारं.
माणसं गल्लीगल्लीतून हिंडायची,
लग्नघरी चप्पल शोधावी तशी, खाली बघत,
कुणाला न विचारता.
सगळ्यांना सगळं ठाऊक.
बाजारात बोलणं मात्र मिठाच्या भावाचं.
कांद्यांचे पाच-पाचाचे ढीग,
वाळका मासा, साबणाची अर्धी वडी.
तिकडंही जोंधळाच, खरं भाकरी कागदासारखी, आंबूस.
एका शिंप्याच्या मशीनला चाक नव्हतं;
पोरगा हातानं पट्टा ओढायचा, बाप शिवायचा.
"चालूलालतं की," अप्पा म्हणतात, "समदं चालूलालतं."

न्याबोलचं हिरवं दार
तेरेझाच्या घराला लागलेलं.
न्याबोलनं ते पहिल्याच दिवशी ओळखलं
आणि पुढं वर्षभर
त्याच दारावर टकटक करून
ती तेरेझाकडं विस्तव मागायला जायची.

दाराच्या आतल्या अंगाला कोळशाच्या रेघा,
तिच्या पोराची उंची, दर पावसाळ्याला एक.
चार रेघा.
पाचवी नाही.
(इथं अप्पा रंधा थांबवत नाहीत.)

शेवटी तेरेझाच आली कॅम्पात.
म्हणाली, दार काढून द्या. तिचं तिला.
अप्पा पाना, पेचकस घेऊन गेले.
वरची बिजागरी सुटली,
दार जरा कललं, उजेड आत आला,
आणि न्याबोलनं बघितलं:
चौथ्या रेघेच्या वर पाचवी. सहावी.
खडूच्या.
कुणाच्या?
तेरेझाची पोरगी पुढं आली,
पाठ दाराला लावून ताठ उभी राहिली,
कुणी सांगितलं नसताना.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
एक शेळी आत शिरून जोंधळ्याला लागली,
तिला हाकलायचंही कुणाला सुचलं नाही.

मग न्याबोल म्हणाली, मालेश.
आणि अप्पांना खुणेनं: बसव परत.
एकच अट घातली तिनं,
यापुढची रेघ मी ओढणार.
कोळशानं.

तिला नवं दार अप्पांनीच करून दिलं,
खोक्यांच्या फळ्यांचं. त्याच्या मागच्या अंगाला
रंग लावू नको म्हणाली.
अप्पांनी तेवढा एक पावसाळा बघितला तिथला.

मालेश म्हणजे काय हो?
शेजारचा बसाप्पा म्हणतो, आमच्या कानडीत 'इरली'.
मी म्हणते, आपल्यात 'असू दे'.
अप्पा फळीवरचा भुसा फुंकतात.
"न्हाई जमत. तुमच्यात 'दे' हाय.
ती कुणाकडं काय मागत नव्हती."

डब्यातल्या बिजागऱ्या अजून तशाच, तेल लावलेल्या.
काल कुणीतरी जुनं दार टाकून गेलं,
पावसानं फुगलंय, तासून द्या म्हणून.
अप्पांनी रंधा हातात घेतला,
खाली ठेवला,
दार उलटं केलं
आणि चष्मा लावून
आधी मागची बाजू बघत बसले.