ऐंशीचा वेग

राजारामपुरीत, पिठाच्या गिरणीच्या वर,
वाचनालयाची एक खोली. तिच्यात बोलणारा एकच कॉम्प्युटर.
सकाळी तो माझा, चारनंतर आणखी कुणाचा.
खाली गिरणी लागली की टेबल थरथरतं,
आज ज्वारी की गहू, ते वासावरून कळतं.

यंत्रातला बाप्या माझ्याशी ऐंशीच्या वेगानं बोलतो.
डोळसांना ते ऐकू येतं
तेलात मोहरी तडतडावी तसं.
"मालनताई, भांडतोय व्हय ह्यो तुमच्यासंगं?"
बाबालाल शिपाई रोज विचारतो, रोज हसतो.
साखर कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर
एकतीस वर्षं काढली मी.
"हॅ" ऐकून "हॅलो" कुणाचा ते सांगायचे.
हळू बोललेलं मला सोसत नाही.

त्या सोमवारी बटण दाबलं, तर तो म्हणाला,
डे… स्क… टॉप.
बिंदू चौकात परगावच्या माणसाला
पत्ता समजावून सांगावा, तसा.
वेग पंचवीस. पट्टी खालची.
आणि विरामचिन्हं सगळी:
प्रत्येक स्वल्पविराम नाव घेऊन,
प्रत्येक कंस आधी उघडायचा, मग आठवणीनं लावायचा,
दाराला कडी घालावी तसा.
कुणीतरी आपलं सेटिंग कायमचं करून गेलं होतं.

मी वेग चढवला. इन्सर्ट, कंट्रोल, सी.
सेव्ह झालं म्हणाला. कायमचं.
मंगळवारी पुन्हा पंचवीस.
बुधवारी पुन्हा.
न भेटता आठवडाभर भांडलो आम्ही,
दोघांचं कायमचं
अर्ध्या-अर्ध्या दिवसाचं.

शनिवारी तक्रार घेऊन गेले.
"पोरगं हाय फुलेवाडीचं," बाबालाल म्हणाला,
"खाड्यांचं इंद्रजित. तालमीच्या टीमचा गोली हुता.
गेल्या साली डोळं गेलं.
येकेक वळ चार-चारदा ऐकतंय, ताई,
आन् कुणी आलं की बंद करून बसतंय."

मी जन्मापासून अशीच.
अंधार म्हणतात तो मला कधी नवा नव्हता.
नवा असताना तो कसा लागतो,
हे मला ठाऊक नाही, आणि विचारणार कुणाला?
खालची गिरणी थांबली होती,
पट्टा अजून थोडा फिरत होता.

तेव्हापासून निघताना
मी त्याचं त्याला परत लावून ठेवू लागले.
पंचवीस. पट्टी खालची. विरामचिन्हं सगळी. सेव्ह.

पंधरवड्यानं सकाळी अठ्ठावीस सापडले.
मग चौतीस.
दिवाळीच्या आधी चाळीस, आणि कंस बोलायचे बंद झाले.
मध्येच एक आठवडा पुन्हा पंचवीस.
काय झालं असेल, ते त्या आकड्यात नव्हतं.
मग त्रेचाळीस, आणि एका शुक्रवारी एकदम बावन्न.
त्या दिवशी मी बाबालालला चहा पाजला,
कशाबद्दल ते सांगितलं नाही.

आणि काल बटण दाबलं, तर मोहरी.
ऐंशी!
गाठलं की पोरानं, म्हणून टेबलावर थाप मारली मी.
मग कान देऊन ऐकलं.
पट्टी माझी. विरामचिन्हं माझी, म्हणजे एकही नाही.
त्यानं जाताना
माझं मला लावून ठेवलं होतं.
बाबालाल दारात उगाच खाकरला.

बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.
पण आता पोरगं कुठवर आलं,
ते मला कळणार नाही.

दुपारी निघताना बोट बटणावर ठेवून उभी राहिले.
बावन्न तर जुना झाला.
अंदाजानं अठ्ठावन्न लावला.
जास्त झाला तर कमी करील,
कमी झाला तर हसेल मला.
इन्सर्ट, कंट्रोल, सी.

जिन्यात गव्हाचा वास होता,
आणि कुणीतरी वर येत होतं, एकेक पायरी मोजत.
मी भिंतीला सरकले, वाट दिली.
आम्ही दोघं काहीच बोललो नाही.