अडतीस फेऱ्या

लंगरच्या मागे, जोडे ठेवायच्या खोलीला लागून
एक टेबल, दोन खुर्च्या, स्ट्रिप्सचा डबा,
आणि मी, नांदेडची, डोक्यावर ओढणी, हातात सुई.
महिन्यातल्या एका रविवारी
जबल अलीच्या गुरुद्वाऱ्यात मी लोकांची बोटं टोचते.

बोटं काय एका जातीची असतात?
सिमेंटनं खाल्लेली, ग्रीसनं काळी पडलेली,
बीबी सतवंत कौरची, कणीक मळून मळून मऊ.
एका पोराच्या बोटातून रक्तच निघेना,
शेवटी त्यालाच हसू फुटलं.

बचित्तर सिंगांचा आकडा आला तीनशे बारा.
पुन्हा टोचलं. तीनशे आठ.
"आत्ताच प्रशाद घेतला ना, बेटा,
त्याची साखर धरायची नसते,"
असं म्हणाले, जणू हिशेबात मीच चुकले होते.
मग, कुठली तू?
नांदेडची.
"हजूर साहिबची?" त्यांनी हात जोडले,
बोटावरचा कापूस खाली पडला.
"मग तर तुझं ऐकावंच लागेल."

गोदाकाठची म्हणून माझं ऐकणारा
हा पहिलाच माणूस.
घरी माझं कुणी ऐकलं असतं
तर मी इथे कशाला असते.

चाला, मी म्हटलं.
कुठे?
ट्रेलर चौदा तास चालतो, मी बसून असतो.
खोलीत सहा खाटा, बाहेर पंचेचाळीस डिग्री.
माझ्या कागदावर छापलं होतं:
रोज सकाळी बागेत अर्धा तास फिरावे.
शेजारी झाडाचं चित्र.
मी कागद उलटा करून ठेवला.

पुढच्या खेपेला तेच सांगत आले.
घुवैफातला, सौदीच्या हद्दीवर,
गाड्यांची रांग कधी कधी रात्रभर हलत नाही.
इंजिन बंद करायचं, खाली उतरायचं,
आणि पहाटेचा पाठ म्हणत ट्रेलरभोवती फिरायचं.
एका पौडीला एक फेरी.
अडतीस पौड्या, अडतीस फेऱ्या,
मागच्या टायरपाशी वाळूत पाय रुततो, तिथे श्वास.
पेशावरचा झरवली खान बंपरवर चहा पीत बसतो,
फेऱ्या मोजतो,
आणि एखादी कमी भरली तर सोडत नाही.

हे सांगताना त्यांनी हात वर केला
आणि कडं मनगटावरून सरकलं, थेट कोपरापर्यंत.
"बघ! वीस वर्षं साबण लावूनही निघत नव्हतं!"
आजूबाजूचे हसले, कुणी पाठ थोपटली.
मीही हसले.
पण मला ठाऊक आहे,
माणूस चालून उतरतो
आणि साखरही माणसाला आतून उतरवते,
आणि कडं दोन्ही वेळा सारखंच सैल होतं.

म्हणून या वेळी बोटातून नाही, शिरेतून घेतलं रक्त.
तीन महिन्यांचा हिशेब, त्यात प्रशादही आला.
त्यांनी बाही गुंडाळली, डोळे मिटले,
नंतर आत जाऊन ओंजळ पुढे केली.
चिमूटभरच घेतला,
पण दोन्ही हातांनी.

बुधवारी रिपोर्ट आला.
पाकीट फोडलं, पाहिलं, फोन लावला.
उचलला झरवली खाननं.
"सिस्टर, सरदारजी सत्ताईस पे हैं.
बीच में रोकूँ?"
नको, मी म्हटलं. थांबते.

त्यानं फोन तसाच बंपरवर ठेवला असावा.
वारा ऐकू आला, लांब कुणाचा तरी हॉर्न,
मग पावलं, जवळ येणारी,
पुटपुटणं, त्यातले शब्द मला पाठ,
मग पावलं लांब.

अठ्ठावीस.

आकडा माझ्या मांडीवर पडून होता.
मी मोजत राहिले.